जलोदराचे मूळ शोधणारे रिचर्ड ब्राइट

पोटात, छातीत किंवा अंगावर पाणी साठणे हा स्वतंत्र रोग नव्हे, ते शरीरात दडलेल्या दुसऱ्या कोणत्या तरी विकाराचे चिन्ह आहे, ही गोष्ट आज वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या काही वर्षांतच शिकवली जाते. लंडनच्या गाईज रुग्णालयातील एका वैद्याने त्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली. त्या वैद्याचा, डॉ. रिचर्ड ब्राइट यांचा हा जीवनपट.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील कोणत्याही धर्मादाय रुग्णालयात एक दृश्य हमखास दिसे. पाय सुजून खांबासारखे झालेले, पोट नगाऱ्यासारखे तट्ट फुगलेले, उशांचा आधार घेऊन बसल्या बसल्याच रात्र काढणारे आणि दोन वाक्ये बोलतानाही धाप लागणारे रुग्ण. त्यांच्या नावापुढे वैद्य एकच शब्द लिहीत, ड्रॉप्सी. आपल्याकडे पोटातील पाण्याला जलोदर आणि अंगावरील पाण्याला सूज म्हणतात. इंग्रजी वैद्यकाने मात्र पोटातील, छातीतील आणि त्वचेखालील पाणी या एकाच शब्दात कोंबले होते. रुग्ण दगावला तर मृत्यूचे कारण म्हणूनही तोच शब्द लिहिला जाई.

उपचारही ठरलेले होते. शीर कापून रक्त काढायचे, जहाल रेचके द्यायची, घाम आणायचा आणि पोट फारच फुगले तर नळी टोचून पाणी काढायचे. पोट टोचून पाणी काढण्याचा हा उपाय प्राचीन होता, सुश्रुतसंहितेतही त्याचे वर्णन आहे. पाणी काढले की रुग्णाला काही दिवस हायसे वाटे आणि मग पोट पुन्हा भरू लागे. बर्मिंगहॅमचे वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिस या वनस्पतीचा गुण जगापुढे मांडला. या औषधाने काही रुग्णांची सूज भराभर उतरे, तर काहींवर त्याचा तिळमात्र परिणाम होत नसे. एकाच रोगाच्या दोन रुग्णांमध्ये इतका फरक का पडावा, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हते. मुळात तो रोग एकच आहे का, हा प्रश्न नेटाने धसास लावण्याचे काम ब्राइट यांनी केले.

रिचर्ड ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. ब्रिस्टल हे त्या काळचे भरभराटीचे बंदर. वडील व्यापारी आणि बँकर होते. घराण्याची संपत्ती वेस्ट इंडीजच्या व्यापारातून, म्हणजेच गुलामांच्या श्रमांवर उभ्या असलेल्या साखरेच्या अर्थकारणातून आलेली होती. या संपन्नतेमुळे रिचर्ड यांना पोटापाण्याची चिंता कधी करावी लागली नाही. शिक्षण, प्रवास आणि पुढे खर्चिक ग्रंथप्रकाशन हे सारे त्यांना परवडले.

१८०८ मध्ये ते एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले. आरंभी तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र आणि गणित हे विषय त्यांनी घेतले होते. वर्षभरात ते वैद्यकाकडे वळले. १८१० च्या उन्हाळ्यात सर जॉर्ज मॅकेन्झी यांच्या मोहिमेबरोबर ते आइसलँडला गेले. मोहिमेच्या वृत्तांतासाठी तेथील वनस्पती आणि प्राणी यांच्यावरील टिपणे तयार करण्याचे काम या विशीतील तरुणाने केले. समोर दिसेल ते बारकाईने पाहायचे, लिहून ठेवायचे आणि शक्य असेल तर त्याचे चित्र काढायचे, ही सवय त्यांना लागली ती अशा भटकंतीतून.

आइसलँडहून परतल्यावर त्यांनी लंडनच्या गाईज रुग्णालयात प्रशिक्षण घेतले. टेम्स नदीच्या दक्षिण काठावरील हे रुग्णालय पुस्तकविक्रेते टॉमस गाय यांच्या देणगीतून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले होते. शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर आणि वैद्य विल्यम बॅबिंग्टन यांच्यासारखे गुरू तेथे होते. रुग्ण जिवंत असताना दिसलेली लक्षणे आणि मृत्यूनंतर अवयवांत दिसलेले बदल यांची सांगड घातल्याशिवाय रोग समजत नाही, हा संस्कार ब्राइट यांच्यावर येथे झाला. पुढे एडिंबराला परत जाऊन १८१३ मध्ये त्यांनी एम. डी. ही पदवी मिळवली.

त्यानंतर पुन्हा प्रवास सुरू झाला. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपातील राजेमहाराजे आणि मुत्सद्दी व्हिएन्ना येथे परिषदेसाठी जमले होते, त्या दिवसांत ब्राइट त्या शहरात होते. तेथून ते हंगेरीत उतरले, बालाटन सरोवराच्या परिसरात फिरले, तेथील शेती, लोकजीवन आणि रोमा समाजाची भाषा यांची टिपणे त्यांनी घेतली. १८१८ मध्ये हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले, त्यात त्यांनी स्वतः काढलेली चित्रे होती. परतीच्या वाटेवर, वॉटर्लूच्या लढाईनंतर सुमारे दोन आठवड्यांनी, ते ब्रुसेल्सला पोहोचले आणि जखमी सैनिकांनी भरलेली तेथील रुग्णालये त्यांनी पाहिली.

लंडनला परतल्यावर काही काळ त्यांनी तापाच्या रुग्णालयात काम केले. तेथे त्यांना स्वतःलाच तापाची लागण झाली. १८२० मध्ये गाईजमध्ये सहायक वैद्य आणि १८२४ मध्ये पूर्ण वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. दरम्यान १८२१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते. १८२२ मध्ये गुरू बॅबिंग्टन यांची कन्या मार्था हिच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार अल्पायुषी ठरला. पुढच्याच वर्षी, मुलाच्या जन्मानंतर, मार्था निवर्तली. १८२६ मध्ये त्यांनी एलायझा फॉलेट हिच्याशी दुसरा विवाह केला. या दोन विवाहांच्या मधली वर्षे त्यांनी रुग्णकक्ष आणि शवविच्छेदनगृह यांत अक्षरशः बुडून काम करण्यात घालवली. ज्या ग्रंथाने त्यांचे नाव अजरामर केले, त्याची सामग्री याच काळात गोळा झाली.

गाईजमध्ये त्या वेळी आणखी दोन असामान्य माणसे होती, टॉमस अ‍ॅडिसन आणि टॉमस हॉजकिन. पुढे या दोघांची नावेही रोगांना मिळाली. अ‍ॅडिसन हे निदानात निष्णात होते आणि छातीची तपासणी हा त्यांचा हातखंडा होता. हॉजकिन रुग्णालयाच्या संग्रहालयाची आणि शवविच्छेदनाची व्यवस्था पाहत. निदानाची नवी साधनेही हाती येऊ लागली होती. छातीवर बोटांनी ठोकून आत पोकळी आहे की पाणी हे ओळखण्याची रीत लिओपोल्ड आऊएनब्रुगर यांनी व्हिएन्नात १७६१ मध्येच मांडली होती. पॅरिसमध्ये रेने लायनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला आणि १८१९ च्या ग्रंथात छातीतील आवाजांचा अर्थ सांगितला. छातीत पाणी आहे, हे आता रुग्ण जिवंत असताना कळू शकत होते. ते का साठले, हे मात्र ठोकून किंवा ऐकून कळत नव्हते.

ब्राइट यांनी या प्रश्नाला हात घातला तो अगदी साध्या साधनांनी. रुग्णाची थोडी लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायची. निरोगी माणसाची लघवी तापवली तरी स्वच्छ राहते. काही सुजलेल्या रुग्णांची लघवी मात्र तापताच गढूळ होई आणि तिच्यात पांढरे कण दिसू लागत. अंड्यातील पांढरा भाग उष्णतेने गोठावा तसाच हा प्रकार होता. रक्तात असणारे अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे बाहेर पडत असल्याची ती खूण होती. नायट्रिक आम्लाचे थेंब टाकूनही हे प्रथिन ओळखता येई.

ही परीक्षा ब्राइट यांनी शोधली नव्हती. इटलीतील दोमेनिको कोतुन्यो यांनी अठराव्या शतकात सूज असलेल्या रुग्णाच्या लघवीत असा साका पाहिला होता. इंग्लंडमध्ये विल्यम चार्ल्स वेल्स आणि एक्झेटरचे जॉन ब्लॅकॉल यांनीही सूज आणि गोठणारी लघवी यांचे नाते नोंदवले होते. ब्लॅकॉल यांचा ग्रंथ १८१३ सालचा. पण या लघवीचे मूळ मूत्रपिंडाच्या रोगात आहे, हा निष्कर्ष त्यांच्यापैकी कोणी पक्का केला नव्हता. धाग्याची दोन टोके त्यांच्या हाती होती, तिसरे टोक शवविच्छेदनाच्या टेबलावर होते. ब्राइट यांनी ती तिन्ही एकत्र बांधली.

त्यांची पद्धत चिकाटीची होती. सूज आलेला रुग्ण दाखल झाला की ती कोठे सुरू झाली, केव्हा वाढते, श्वास कसा आहे, मद्यपानाची सवय आहे काय, थंडीपावसात भिजण्याचा प्रसंग आला होता काय, हे सारे ते लिहून घेत. मग लघवी तापवून पाहत. रुग्ण मरण पावला तर त्याचे हृदय, यकृत, फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे ते स्वतः तपासत. आधीच्या टिपणांशी हे सारे ताडून पाहिल्यावर एक गोष्ट वारंवार समोर येऊ लागली. ज्या सुजलेल्या रुग्णांची लघवी गोठत होती, त्यांच्या मूत्रपिंडांत काही ना काही ठळक विकृती सापडतच होती. काहींची मूत्रपिंडे मऊ, फिकट आणि ठिपकेदार, काहींची दाणेदार, तर काहींची कडक आणि आकसलेली होती. उलट, यकृताच्या विकाराने ज्यांच्या पोटात पाणी झाले होते, त्यांची लघवी सहसा गोठत नसे.

येथून पाण्याच्या कोड्याची उकल सुरू झाली. हृदय थकले की रक्त मागे तुंबते, मग दिवस कलताना पावलांवर सूज दिसू लागते, आडवे झाले की धाप लागते आणि पुढे छातीत व पोटात पाणी साठते. यकृत कडक होऊन आकसले की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. अशा वेळी आधी पोट फुगते, हातपाय मात्र वाळत जातात, पुष्कळदा कावीळही दिसते. मूत्रपिंडे बिघडली की सकाळी उठल्यावर पापण्या आणि चेहरा सुजलेला दिसतो, मग सूज सर्वांगावर पसरते, आणि लघवी तापवली की गोठते. या तिन्ही प्रकारांची सरमिसळ होऊ शकते, हेही ब्राइट यांच्या टिपणांत दिसते. पण चमचा आणि मेणबत्ती यांच्यामुळे मूत्रपिंडाचा आजार मृत्यूनंतर नव्हे, तर रुग्ण समोर बसलेला असतानाच ओळखता येऊ लागला. ही त्या काळी मोठी गोष्ट होती, कारण या अवयवापर्यंत ना बोट पोहोचत होते, ना स्टेथोस्कोप.

१८२७ मध्ये त्यांच्या रुग्णवृत्तांतांचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडांच्या रंगीत चित्रांनी तो सजला होता. त्यातील दाणेदार पृष्ठभाग, फिके पडलेले भाग आणि आकसलेले अवयव पाहून दूरच्या गावातील वैद्यालाही आपल्या रुग्णाच्या शवविच्छेदनात काय शोधायचे, हे कळू शकत होते. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांवरील दुसरा खंड १८३१ मध्ये निघाला.

रसायनशास्त्राची बाजू जॉन बोस्टॉक यांनी सांभाळली. गवताच्या परागांमुळे होणाऱ्या सर्दीज्वराचे पहिले नेमके वर्णन करणारे हेच ते बोस्टॉक. ब्राइट यांच्या रुग्णांच्या लघवीत प्रथिन जास्त आणि युरिया कमी, तर रक्तात प्रथिन कमी, असे त्यांच्या पृथक्करणात आढळले. जो युरिया लघवीवाटे बाहेर जायला हवा, तो रक्तातच साठत असल्याचीही चिन्हे मिळाली. एडिंबरा येथे रॉबर्ट क्रिस्टिसन यांचे प्रयोगही याच दिशेने चालले होते. मूत्रपिंड ही निव्वळ पाणी गाळणारी चाळणी नसून रक्ताची शुद्धता तिच्यावर अवलंबून आहे, ही जाणीव या आकड्यांतून स्पष्ट होत गेली.

१८३६ मध्ये गाईज रुग्णालयाच्या नव्याने सुरू झालेल्या वार्तापत्रात ब्राइट यांनी या विषयावर विस्तृत लेख लिहिला आणि शंभर रुग्णांच्या शवविच्छेदनांचा तक्ता मांडला. लोहितज्वर होऊन गेलेल्या मुलांना काही दिवसांनी सूज येते आणि त्यांची लघवी गोठते, हे त्यांनी नोंदवले. तक्त्यातून आणखी एक विलक्षण गोष्ट पुढे आली. मूत्रपिंडे आकसलेल्या अनेक रुग्णांचे हृदय, विशेषतः डावा कप्पा, जाड झालेला होता, आणि हृदयाच्या झडपांत त्याचे कारण सापडत नव्हते. रक्त अशुद्ध झाल्याने हृदयाला जादा जोर लावावा लागत असेल किंवा बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलणे कठीण होत असेल, असा तर्क त्यांनी केला. रक्तदाब मोजण्याचे सोयीचे उपकरण तेव्हा नव्हते. हाताला पट्टा बांधून दाब मोजण्याची रीवा-रोची यांची पद्धत आली १८९६ मध्ये. त्याच्या साठ वर्षे आधी ब्राइट रक्तदाबाच्या उंबरठ्यावर येऊन थांबले होते.

पोटाच्या निदानाविषयीही त्यांनी महत्त्वाचे लेखन केले. फुगलेले प्रत्येक पोट जलोदराचे नसते. स्त्रियांमध्ये बीजकोशाची मोठी गाठ पाण्याने भरून पोटभर पसरते आणि भल्याभल्यांना फसवते. जलोदराच्या रुग्णाला उताणे निजवले की पाणी कुशीत उतरते आणि आतडी वर तरंगतात, म्हणून पोटाच्या मध्यभागी ठोकल्यास पोकळ आवाज येतो आणि कुशीत मंद आवाज येतो. बीजकोशाच्या गाठीत बहुधा नेमके उलट घडते. असे भेद डॉक्टरला आजही तपासणीच्या खोलीत उपयोगी पडतात. पोटातील गाठी आणि फुगवटे यांवरील ब्राइट यांचे लेख त्यांच्या मृत्यूनंतर १८६० मध्ये ग्रंथरूपाने पुन्हा प्रसिद्ध झाले.

१८४२ मध्ये गाईजमध्ये एक अभिनव प्रयोग झाला. दोन रुग्णकक्षांतील ४२ खाटा सहा महिन्यांसाठी केवळ मूत्रपिंडाच्या रुग्णांकरिता राखून ठेवण्यात आल्या आणि त्यांना लागूनच छोटी प्रयोगशाळा देण्यात आली. जॉर्ज बार्लो आणि रसायनतज्ज्ञ ओवेन रीस हे तरुण सहकारी तेथे कामाला होते. एकाच रोगाचे रुग्ण एकत्र ठेवून खाटेपासून काही पावलांवर त्यांच्या रक्ताची आणि लघवीची परीक्षा करण्याची ही कल्पना काळाच्या पुष्कळ पुढची होती.

या साऱ्या यशाला एक वेदनादायक बाजू होती. ब्राइट यांना रोग ओळखता येत होता, बरा करता येत नव्हता. त्यांच्या वृत्तांतांतील रुग्ण बहुतेक गरीब कष्टकरी होते. त्यांच्यापैकी अनेकांच्या कहाण्यांचा शेवट शवविच्छेदनाच्या नोंदीतच होतो. विश्रांती, ऊब, हलका आहार, रेचके आणि रक्त काढणे यांपलीकडे द्यायला त्यांच्याजवळ फारसे काही नव्हते. रक्त काढण्याची त्या काळची रूढी त्यांनीही पाळली. आधीच प्रथिन गमावणाऱ्या रुग्णाला त्यातून अपायच होत असणार, हे आजच्या ज्ञानातून स्पष्ट दिसते. आपले उपाय तोकडे आहेत, हे ब्राइट यांनी लपवले नाही. ज्याला औषध नाही, त्याचे अचूक निदान करून काय साधले, असा प्रश्न त्या काळीही विचारता आला असता. त्याचे उत्तर पुढच्या पिढ्यांनी दिले. ज्या रोगाला नावच नाही, त्यावर औषध शोधायला कोणी बसत नाही. आणि पाच रोगांची एकच मोट बांधलेली असेल, तर कोणते औषध कोणावर चालले, हेही कधी कळत नाही. डिजिटॅलिस थकलेल्या हृदयाच्या रुग्णांना तारत होते, मूत्रपिंडाच्या रुग्णांना नव्हे, हा उलगडा रोग वेगळे झाल्यावरच होऊ शकला.

१८३७ मध्ये राणी व्हिक्टोरिया गादीवर आल्यावर ब्राइट यांची राजवैद्यांत नेमणूक झाली. लंडनमधील त्यांचा खासगी व्यवसाय भरभराटीला आला. १८४४ च्या सुमारास त्यांनी गाईजमधून निवृत्ती घेतली. स्वभावाने ते शांत आणि मनमिळाऊ होते, वादविवादात त्यांना रस नव्हता. एलायझापासून झालेल्या मुलांपैकी जेम्स फ्रँक ब्राइट हे पुढे इतिहासकार म्हणून नावारूपाला आले आणि ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रमुख झाले. १६ डिसेंबर १८५८ रोजी लंडन येथे रिचर्ड ब्राइट यांचे निधन झाले. त्यांना हृदयविकार होता. शवविच्छेदनात हृदयाच्या महारोहिणीची झडप अरुंद झालेली आढळली. लंडनमधील केन्सल ग्रीन दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

त्यांच्या हयातीतच या रोगाला ब्राइट यांचा रोग असे नाव पडले होते. पुढची शंभर वर्षे ते नाव घराघरांत धास्ती निर्माण करीत राहिले. अमेरिकेचे अध्यक्ष चेस्टर आर्थर यांना हाच रोग जडला होता आणि कवयित्री एमिली डिकिन्सन यांच्या मृत्यूच्या दाखल्यावरही त्याचेच नाव होते. दोघांचाही मृत्यू १८८६ मधला. सूक्ष्मदर्शक आणि पुढे मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासण्याची पद्धत आल्यावर मात्र या एका नावाखालीही अनेक वेगळे विकार आहेत, हे दिसून आले. जंतुसंसर्गानंतरचा दाह, मधुमेहाने होणारी हानी, प्रथिनगळतीचे निरनिराळे प्रकार अशी त्याची विभागणी झाली आणि जुने नाव मागे पडले. जी वागणूक ब्राइट यांनी ड्रॉप्सी या शब्दाला दिली, तीच काळाने त्यांच्या नावाच्या रोगाला दिली.

त्यांच्या अर्धवट राहिलेल्या प्रश्नांची उत्तरे गाईजनेच दिली, हाही एक योग. जाड झालेल्या हृदयाचा धागा फ्रेडरिक अकबर महोमेद या तरुण डॉक्टरने १८७० च्या दशकात उचलला. पाटण्याहून इंग्लंडला गेलेले आणि इंग्रजीत पुस्तक लिहिणारे पहिले भारतीय मानले जाणारे साके दीन महोमेद यांचे ते नातू. नाडीचा आलेख काढणारे यंत्र सुधारून त्यांनी दाखवले की रक्तदाब मूत्रपिंडाच्या रोगाआधीच वाढलेला असू शकतो. १८८४ मध्ये विषमज्वराने ते अकाली गेले. पाणी रक्तवाहिन्यांबाहेर का झिरपते, याचे उत्तर गाईजमध्येच काम करणारे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये दिले. रक्तातील प्रथिने पाणी धरून ठेवतात आणि रक्ताचा दाब ते बाहेर ढकलतो. या ओढाताणीचा तोल बिघडला की शरीराच्या पोकळ्यांत पाणी साठते. बोस्टॉक यांना आढळलेली प्रथिनांची घट आणि ब्राइट यांनी पाहिलेली सूज यांचा दुवा असा साठ-सत्तर वर्षांनी जुळला.

उपचारांना याहून वेळ लागला. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंडाचा रुग्णावर वापर केला. १९५४ मध्ये बॉस्टन येथे जुळ्या भावाचे मूत्रपिंड बसवून प्रत्यारोपण यशस्वी झाले. त्या रुग्णाची मूत्रपिंडे ब्राइट यांनी वर्णिलेल्या जातीच्या दाहानेच निकामी झाली होती.

आज जलोदराचा रुग्ण रुग्णालयात आला की सोनोग्राफी होते आणि सुईने थोडे पाणी काढून तपासले जाते. रक्तद्रवातील अल्ब्युमिनच्या प्रमाणातून पोटातील पाण्यातील अल्ब्युमिन वजा करतात. फरक डेसिलिटरला १.१ ग्रॅम किंवा त्याहून अधिक आला, तर यकृताकडे जाणाऱ्या शिरांतील दाब वाढला आहे, असे समजून यकृताचा आणि हृदयाचा शोध घेतला जातो. फरक त्याहून कमी असेल, तर पोटाच्या आवरणाचा क्षय, कर्करोग किंवा मूत्रपिंडांतून होणारी प्रथिनगळती यांचा विचार होतो. छातीतील पाण्यासाठीही रिचर्ड लाइट आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये सांगितलेले निकष वापरतात. पाण्यातील प्रथिन रक्तातील प्रथिनाच्या निम्म्याहून अधिक असणे हा त्यांपैकी एक. म्हणजे पाण्याचे मूळ सांगणारा साक्षीदार आजही मुख्यतः तोच आहे, जो १८२७ मध्ये ब्राइट यांनी मेणबत्तीवरील चमच्यात पाहिला होता. मेणबत्तीची जागा रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने घेतली आहे. लघवीत प्रथिन जाते काय, हे ती मिनिटभरात आणि अत्यल्प खर्चात सांगते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला अंगावर सूज येण्यापूर्वीच सावध करण्याची ताकद या परीक्षेत आहे. गाईजच्या कक्षातील रुग्णांना ब्राइट यांच्या शोधाचा स्वतःसाठी फारसा लाभ झाला नाही. त्यांच्या नोंदी मात्र पुढील असंख्य रुग्णांच्या कामी आल्या.